वायर लावलीय का?

…आणि वर मलाच विचारतात, वायर लावलीय का! मला! ज्याने ती वायर शिडीवर चढून, स्वतःच्या हाताने, काकांच्या घरापासून आमच्या घरापर्यंत ओढली, त्याला! आता तुम्ही म्हणाल, अरे ज्ञानेश, विचारलं तर विचारलं, एवढं झोंबायला काय झालं? अहो, सकाळपासून बोईसरजवळ नवापूरला आमच्या आळीत ज्याला म्हणून तोंड आहे त्याने हाच प्रश्न विचारला. काकांनी विचारलं, काकूने विचारलं, पाटी डोक्यावर घेऊन चाललेली एक म्हातारी, जी कॉम्प्युटरला टीव्ही म्हणते, तीसुद्धा थांबली, पाटी सावरली आणि म्हणाली, "पोरा, वायर लावलीस का?"

पहिल्यापासून सांगतो, नाहीतर तुम्हीही तेच विचाराल.

मी पॉलिटेक्निक सोडलं. का सोडलं ते विचारू नका, ते विचारायला आमच्याकडे माणसं नेमलेली आहेत. त्यांचे मुख्य म्हणजे धर्माजी काका, बाबांचे थोरले भाऊ. स्वतः चौथीत मास्तरांना बघून खिडकीतून पळालेले, ते आजतागायत वर्गात परतले नाहीत, पण माझ्या शिक्षणावर बोलायला लागले की वाटावं, विद्यापीठ यांनीच बांधलं. त्यांचा मुलगा दिपेश बोईसरला एमआयडीसीतल्या एका कंपनीत आहे. गळ्यात ओळखपत्र. घरी जेवताना ओळखपत्र, समुद्रावर फिरताना ओळखपत्र, माशांना कळायला नको का कोण आलंय ते! तर काकांनी मला न विचारता ठरवून टाकलं की सोमवारपासून ज्ञानेश दिपेशच्या कंपनीत पिंपं उचलायला जाणार. "दिवसभर त्या डब्यात बघत रवतो, त्यापेक्षा पिंपं उचल, अंगात ताकद येल." आणि आमचे बाबा? बाबा मान हलवतात. भावासमोर आडवी मान हलवायची सोयच देवाने त्यांना दिलेली नाही.

मी म्हटलं, थांबा. पुण्याच्या एका कंपनीत मी अर्ज टाकला होता. काम घरी बसून. लोकांचं इंटरनेट बंद पडलं की त्यांनी फोन करायचा आणि आपण फोनवर दुरुस्त करून द्यायचं. शुक्रवारी चार वाजता मुलाखत, कॅमेऱ्यासमोर. अट एकच, मोबाईल चालणार नाही, कॉम्प्युटर पाहिजे आणि इंटरनेट वायरीचं पाहिजे. जमलं तर नोकरी, नाही तर सोमवारी पिंपं. साधं गणित.

कॉम्प्युटर होता. दिपेशच्या कंपनीने भंगारात काढलेला. विंडोज सुरू होईपर्यंत आईचा भात शिजून, निवून, वर कालवण ओतून व्हायचं. म्हणून गुरुवारी दिवसभर सफाळ्याला मित्राकडे बसून मी पेनड्राईव्हवर लिनक्स उतरवून आणलं आणि शुक्रवारी सकाळी टाकलं. मुलाखतीच्या सकाळी? हो, मुलाखतीच्या सकाळी! काकांसारखे डोळे मोठे करू नका. लिनक्स म्हणजे विंडोजचंच काम करणारं, पण हलकं, फुकट, आणि बिघडलं तर शिव्या घालायला समोर कुणी नाही, आपणच आपल्याला घालायच्या.

टाकलं. काय सुंदर चाललं तुम्हाला सांगतो! डबा असा उघडला की जणू काल कारखान्यातून आलाय. मी खुर्चीत मागे रेलतो न रेलतो तोच कोपऱ्यात बघतो, तर इंटरनेटच्या खुणेवर फुली.

वायर लावलेली होती! काढली, परत लावली, टक् आवाज आला. टक्! तो आवाज आला म्हणजे लागली. आता टक्पेक्षा मोठा पुरावा कुठल्या कोर्टात देऊ?

मग सुरू झाली माझी वारेमाप पायपीट. आमच्या आळीत मोबाईलला रेंज येत नाही, काकांकडच्या इंटरनेटच्या पेटीला वायफाय नाही, रेंज येते थेट बंदरावर, जेट्टीच्या टोकाला. म्हणजे काय करायचं? पळत जेट्टीवर जायचं, फोनवर शोधायचं, आज्ञा पाठ करायची, ती पुटपुटत पळत घरी यायचं, टाईप करायची, मग स्क्रीनवर काय आलं ते पाठ करून परत जेट्टी. आणि मध्ये अंगणात काकूचे बोंबील. बोंबील कसे सुकवतात ठाऊक आहे ना? दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि बांबूंना बांधलेल्या दोरावर टांगायचे, त्याला आम्ही वलांडी म्हणतो. यंदा बोंबील एवढा आला होता की अंगणभर वलांड्याच वलांड्या. मी प्रत्येक खेपेला वाकून खालून जायचो आणि मानेवर टपकन एक थेंब. मुलाखतीचा पांढरा शर्ट, तुम्हाला सांगतो, अकरा वाजेपर्यंत कालवणाचा झाला.

तिथेच वलांडीच्या सावलीत काका जाळं विणत बसलेले. सुई चालू, तोंड चालू.

"काय रे, नाय चालत?"

"बघतोय."

"वायर लावलीस का?"

जेट्टीवर जाऊन लिनक्सवाल्यांच्या एका मंचावर लिहिलं, मदत करा, नवीन लिनक्स, वायरीचं नेट चालत नाही. देश कुठला, माणूस कोण, देव जाणे, पण लगेच उत्तर! मी म्हटलं, बघा, याला म्हणतात शिकलेली दुनिया. उघडलं. लिहिलं होतं, वायर लावली आहे का?

दिपेशला फोन केला. नाइलाज हो! "हां, बोल," असा आवाज की मागे पन्नास माणसं हाताखाली उभी असावीत. "ये सब लिनक्स-फिनक्स छोड, यार." माझ्याशी हिंदी! एका ताटात जेवलो आम्ही! "आमच्याकडे सगळं विंडोज हाय. तू ते फुकटचं टाकलंस तर असंच होणार. बरं, एक सांग, वायर लावलीय का?"

मी फोन समुद्रात टाकणार होतो. पण हप्ते बाकी होते.

मग मी काय काय नाही केलं! नेटवर्कची सेवा बंद करून चालू केली. ड्रायव्हर, म्हणजे कॉम्प्युटरला नेटच्या भोकाशी बोलायला शिकवणारा तुकडा, तो काढून दुसरा बसवला. सेटिंगची फाईल बदलली, पुसली, परत लिहिली. लिनक्स उपटून पुन्हा पहिल्यापासून टाकलं. आणि दर वेळी तो डबा एकच ओळ दाखवायचा: लिंक सापडली का? नाही. लिंक सापडली का? नाही. म्हणजे वायर लावलीय का हेच, फक्त इंग्रजीतून! मागचा छोटा हिरवा दिवा पण पेटत नव्हता. मी म्हटलं दिवा उडाला असेल, भंगारातला माल. चूक माझ्या वायरीत? शक्यच नाही. काल सकाळी सफाळ्याला जाईपर्यंत, याच वायरीवर, विंडोजमध्ये नेट चालत होतं. मग आज बदललं काय? फक्त लिनक्स. तर्क चुकीचा आहे का? सांगा ना!

आई आली, म्हणाली, "जेव तरी." मी म्हटलं, भूक नाही. ती म्हणाली, "काकांना बोलाव, तेंना गाठी-बिठीतलं कळते." मी हसलो. कॉम्प्युटरमध्ये काका! गाठीचं काय काम इथे?

साडेतीन झाले. सगळ्या फाईल्स बदलून झाल्या. मी शेवटचा जेट्टीकडे धावलो, आणि घाईत वाकायचंच विसरलो. थाड! तोंडावर ओला बोंबील. जबडा माझ्या कानात. मी तो ओरबाडून काढला आणि दोर बाजूला सारला, आणि हातात बघतो तर दोर निळा.

आमच्याकडे निळा दोर नाही.

वायर! माझी नेटची वायर! एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बोंबील, दाटीने, जोडीजोडीने, माझ्याकडे बघून आ वासलेले! आणि मधोमध, बरोब्बर काकांच्या डोक्यावर, ही एवढी गाठ. जाळ्याची. दुहेरी. वर सुतळी गुंडाळलेली, ओढून घट्ट.

"काकू!"

सोजराबाई काकू दारात आली. "आरडतो कशाला? काल बोंबील लय आला, दोर कमी पडले. ही चांगली मोकळी दोरी दिसली. कुणी कायच टांगलेलं नव्हतं."

"ती दोरी नाही! आणि ही गाठ?"

काकांनी सुई न थांबवता सांगितलं, "वजनानं तुटली काल. मी बांधली."

"बांधली?"

"मग! तुटलेली ठेवू? आमी तुटलेली वस्तू ठेवत नाय." मग वर बघून, अभिमानाने, "ओढून बघ. होडी बांधली तरी सुटायची नाय."

अहो, मी ओढलं. खरंच सुटली नाही. आत आठ तारा तुटून लोंबताहेत, एकीचा एकीला स्पर्श नाही, आणि बाहेरून गाठ अशी की तुफान आलं तरी हलणार नाही. आमच्या घरातल्या सगळ्या मोठ्या माणसांचं शहाणपण मी त्या दिवशी हातात धरून पाहिलं.

"आणि सकाळपासून मला विचारताय, वायर लावलीय का!"

"मग तू लावलीस का ते आमाला काय ठावं? इकडचं आमी बांधलं व्हतं."

बोलायला वेळ नव्हता. डबा उचलला, स्क्रीन आईने धरली, कॅमेरा कानाला लटकवला, आणि सगळी वरात काकांच्या ओटीवर, जिथे इंटरनेटची मूळ पेटी आहे तिथे. हातभर वायर लावली. टक्. हिरवा दिवा लागला! फुली गेली! लिनक्स बिचारं सकाळपासून खरं बोलत होतं, घरात तेवढं एकटंच.

चार वाजले. स्क्रीनवर पुण्याच्या बाई, हिमानी मॅडम. मी कालवणाच्या शर्टात ताठ. मागे काका, काकू, आई, आणि ती पाटीवाली म्हातारी, टीव्हीवर काय लागलंय बघायला. सगळ्यांना सांगितलं होतं, श्वाससुद्धा घेऊ नका.

बाई म्हणाल्या, "समजा, ग्राहकाचा फोन आला, माझं इंटरनेट बंद आहे. तुम्ही सर्वात आधी काय विचाराल?"

मी तोंड उघडलं. सेवा, ड्रायव्हर, फाईल, सगळं जिभेवर. आणि मागून, चौघांच्या तोंडून, एका सुरात…

"वायर लावलीय का?"

बाई हसल्या. म्हणाल्या, "अगदी बरोबर. हे कोण?" काका माझ्या खांद्यावरून कॅमेऱ्यात घुसले, अर्धी स्क्रीन मिशीने भरली. "मी धर्माजी. पोराचा काका. मीच शिकवला."

नोकरी लागली. पिंपं टळली. दिपेशने अजून अभिनंदन केलेलं नाही. वायर नवी आणली, पण जुनी काकूने सोडली नाही, म्हणे दोर मजबूत आहे. आणि मी? मी आता दिवसभर कानाला यंत्र लावून अख्ख्या महाराष्ट्राला विचारत बसतो, वायर लावलीय का? आणि अख्खा महाराष्ट्र माझ्यावर डाफरतो. काल नागपूरचे एक गृहस्थ, रिटायर्ड, म्हणाले, "मी काय अडाणी वाटलो का तुम्हाला? टक् आवाज आलाय!" मी शांतपणे विचारलं, साहेब, मध्ये कुठे त्या वायरीवर काही वाळत घातलंय का?

पलीकडे चपला फटफटत गेल्या, आणि फटफटत परत आल्या.

मग हळूच म्हणतात, "…गोधडी चालते ना?"