बसली की उठत न्हाय

बारामतीच्या स्टँडवर लोणी भापकरच्या एसटीसाठी थांबलो होतो. मागं एक म्हातारं जोडपं उभं होतं, पुण्याच्या डॉक्टरकडून परतलेलं.

“दवाखान्याजवळची बाग झ्याक होती, न्हाय सारजे?”

“तुमी कुठं बघू दिली? नुसतं चालवलं मला.”

“डॉक्टरकडं नंबर दुपारचा होता. तवर करायचं काय?”

“एवढी पेशव्यांच्या वेळची झाडं, सावलीला बाकडी. जरा टेकले की हात धरून उठवत होता. दम लागला होता मला.”

“म्हनून तर उठवलं.”

“डॉक्टर म्हनला, आराम करा.”

“मेंढरं होती तवा आजारी मेंढी आपन बसू देत होतो का?”

“न्हाय.”

“का न्हाय?”

“बसली की उठत न्हाय ती.”

“मग.”

“अवो, मी काय मेंढी हाय व्हय?”

“न्हाय. म्हनून तर जास्त भ्या वाटतंय.”

एसटी आली. आत गर्दी होती. मला खिडकीजवळ जागा मिळाली होती, ती मी सोडली.

“मावशी, बसा हितं.”

तिनं आधी त्याच्याकडं बघितलं.

“बसू का वो?”

“बस. पर बोलत ऱ्हा माझ्यासंगं.”