दलदलीचा भाव

जमिनीचा सौदा असेल तर मला बोलवू नका बुवा. साठ-एकसष्टच्या सुमारास जर्मनीत कार्ल्सरूहेला शिकत होतो, तेव्हाच माझी हौस फिटली. आमच्या घरमालकांना, हेर म्हणजे श्रीयुत ब्राउनना, शिकारीचा भारी नाद. त्यांच्या शिकारीच्या रानाला लागून एका शेतकऱ्याचा तुकडा विकायला निघाला. मी म्हटलं, "मला न्या. वडिलांबरोबर असे छप्पन्न सौदे पाहिलेत. जमिनीला नुसती नावं ठेवायची, भाव आपोआप उतरतो."

गेल्या गेल्या मी सुरू केलं, "इथं यायला रस्ताच नाही!"

शेतकरी खुलला. "गेनाऊ! अगदी बरोबर! म्हणून तर हरणं बिनधास्त येतात."

"अर्ध्यात दलदल आहे."

"रानडुकरं लोळतात तिथं!"

"आणि ही काटेरी झुडपं? यात पिकणार काय, कप्पाळ?"

"अहो, डुकरिणी पिल्लं घालतात त्यात!"

हेर ब्राउन हरखून गेले. शेतकऱ्यानं तिथल्या तिथं हेक्टरी भाव वाढवला आणि यांनी तो मुकाट्यानं कबूल केला.

निघताना शेतकऱ्यानं बटाट्यांची पिशवी माझ्या हातात कोंबली आणि हळूच म्हणाला, "माझ्या मेव्हण्यालाही जमीन विकायचीय. तुम्ही नक्की या."