गळ्यातला दोरा

माझी बायको उमादेवी गेल्याचं मला सकाळी दहाला सांगितलं. त्या वर्षी लातूरला पाणी नव्हतं आणि स्वाइन फ्लूची साथ होती. दवाखान्याच्या कागदांसाठी मी वॉर्डाबाहेर बाकावर थांबलो होतो. शेजारी आमच्यासारखीच एक लिंगायत म्हातारी बसली होती. तिचा मुलगा बापाला बघून वॉर्डातून बाहेर आला.

"मन्मथ, आप्पाचे गाल भरलेत रे. तब्येत सुधारली."

"अव्वा, ती सूज हाय. कातडीखाली हवा गेलीया."

"नळाला महिनाभर नुसती हवा येऊन राहिली, आता माणसातबी हवाच?"

"व्हेंटिलेटर हवा दाबून देतंय. फुप्फुस फाटलं, तिथून हवा गळ्यात चढली. बोट लावलं की करकर वाजतंय."

"मग बंद करा की ते मशीन."

"श्वास कोण देईल मग?"

मन्मथ तिच्यापुढे उकिडवा बसला.

"अव्वा, इष्टलिंगाचा दोरा गळ्यात रुतून राहिलाय. कापावा लागंल."

"खबरदार! जिवंत माणसाच्या अंगावरून लिंग उतरवायचं न्हाई."

"आप्पाच्या मुठीत देऊ."

"मुठीत मेल्यावर देत्यात रे."

"मग दंडाला बांधू?"

"दंडाला... चालंल. पण तू बांध, नर्सबाईला लावू नको. सूज उतरली की परत गळ्यात."

"हाव, अव्वा."

उमादेवीचा दोरा मी मंगळवारी कापू दिला होता. दंडाला बांधायचं मला सुचलं नाही. तिचं लिंग रुमालात गुंडाळून माझ्या खिशात होतं. ते तिच्या मुठीत द्यायचं अजून राहिलं होतं.