दारावरच्या दिव्याचं बटण

तुम्ही वायरिंगचं काढलंच म्हणून सांगतो. माझा दादा कंपनीतून रात्री उशिरा यायचा, म्हणून माय दारावरचा दिवा चालू ठेवायची. दादा गेला, तरी दिवा चालू आहे का हे बघायला ती सारखी बाहेर जायची. मला बघवेना. गुलमंडीच्या बाजारातून इंडिकेटरचं, म्हणजे आत बारीक तांबडा दिवा असलेलं बटण आणलं, कुणाला न विचारता जोडलं आणि म्हणालो, "माय, हे तांबडं पेटलं की बाहेर दिवा चालू. आता उठू नको."

"बरं बाबा."

आठवड्यानं शेजारचे रफिकचाचा सकाळीच ओरडले, "अरे छोटे, दिन में बत्ती, रात को अंधेरा? तुमारे घर का सूरज अलग है क्या?"

बघतो तर खरंच! मी उलटं जोडलं होतं, दिवा बंद केला की तांबडं पेटत होतं. मी आत धावलो. "माय, रोज रात्री बाहेर अंधार होता! तुला कळलं नाय?"

"पहिल्याच रात्री कळलं."

"मग बोलली का नाय?"

ती भाकरी थापत राहिली. "ते तांबडं पेटलं तव्हा तू हसला होतास. दादा गेल्यापासून पहिल्यांदा."