लवंगेच्या वासाची तिकिटं

आधी माझ्या अब्बाचं नाव लिहा भाऊ, रहीम कागदी, जुन्नर, आन मंग माझं, हमीदा. माझं खाली लिहा. आमच्या घरात पणज्याच्या वक्ताला हातानं कागद बनायचा, आता त्याचं काय राहिलं, एक दगडी हौद, त्यात शेजारच्या शेळ्या पाणी पितात, आन कागद घोटायचा एक गुळगुळीत दगड, त्यो मात्र मी कुणाला हात लावू देत न्हाई. अब्बाच्या टायमाला कागद बंदच झाला व्हता, अब्बा बांधणीचं काम करायचे, शाळेची रजिस्टरं, ग्रामपंचायतीची दप्तरं, कुणाचं कुराण फाटलं, कुणाची पोथी सुटली, समदं आमच्याकडं यायचं. पोथी आली की अब्बा आधी हात धुवायचे, मंग ती उघडायचे. असा माणूस व्हता. हे मी पुढच्या गोष्टीसाठी सांगून ठेवते.

मला डिंगोऱ्याच्या अलीकडच्या गावात दिली व्हती, नवरा पाच वर्षांत वारला, लेकीला, नसीमला, कडेवर घेऊन मी परत अब्बाच्या दारात. अब्बानं काय विचारलं न्हाई, नुसतं म्हणले, डिंक कालव. तवापासून डिंक कालवते मी.

तर मंचरचा एक शेट व्हता. मनोहरशेट म्हणत त्याला, वह्या-पुस्तकांचं दुकान, आन आतल्या कपाटात पोस्टाच्या जुन्या तिकिटांचा धंदा. तवा ह्या तिकिटांना लई मान व्हता, पुण्याहून माणसं गाडी करून यायची, चिमट्यानं तिकीट उचलायची, भिंगातून बघायची. मला तर हसू यायचं, पत्राला लावून फेकायची वस्तू आन तिला चिमटा. शेट एक दिवस अब्बाकडं वही बांधायला आला, माझ्या हाताचा डिंक बघितला, म्हणला, चाचा, तुमच्या पोरीला काम देतो. काम काय, तर कोऱ्या तिकिटांचे ताव पावसाळ्यात ओल लागून एकमेकाला चिकटतात, ते पाण्यात टाकून सोडवायचे, सोडवले की पाठीवरचा डिंक जातो, तर मी नवीन डिंक लावायचा. मी म्हणलं, एवढंच व्हय. मला वाटलं फाटलेलं शिवल्यासारखं हाय, दुरुस्ती. मला कुठं ठावं की तिकिटवाल्यांच्यात पाठीवरचा पयला डिंक म्हणजे सोनं, आन नंतर लावलेला म्हणजे फसवणूक.

डिंक बाभळीचा, निवडून, फडक्यातून दोनदा गाळायचा, चिमूटभर साखर. पण जुन्नरचा पावसाळा तुमाला म्हाईत हाय, सादळलं की डिंकाला बुरशी धरती. म्हणून अब्बाच्या घरात पयल्यापासून डिंकात लवंगेचं पाणी घालायची रीत. घातलं मी. शेटला ते म्हाईत नव्हतं, त्यानं विचारलंबी न्हाई. बारीक कुंचल्यानं एक हात द्यायचा, कातऱ्यात, म्हणजे तिकिटाच्या कडेच्या दात्यांत, अडकलेला डिंक सुईनं काढायचा, सुकलं की वरून दगडानं हलकं घोटायचं. शेट म्हणायचा, हमीदाबाई, छापखान्यालाबी असं जमणार न्हाई. काही वर्षं चाललं. पुढं पुढं मला कळायला लागलं, खोटं कशाला बोलू. शेट शिक्का मारायचा राहून गेलेली वापरलेली तिकिटंबी पाकिटावरून सोडवून आणायला लागला, ती काय ओलीनं चिकटलेली नव्हती, माझा डिंक लागला की ती कोरी म्हणून इकली जायची. पण नसीमची शाळा व्हती, मी गप बसले. तेवढा माझा गुन्हा, तेवढा लिहा.

मंग तो बाजारचा दिवस. पुण्याचा एक गिऱ्हाईक व्हता, त्याला कुणीतरी सांगितलं की पाठ बनावट हाय, त्यो शेटच्या मानगुटीवर बसला, आन शेट त्याला जीपमधी घालून सरळ आमच्या दारात. गल्ली भरलेली. शेट ओरडून सांगतो, मी हिला अस्सल माल दुरुस्तीला दिला, हिनं अस्सल घरात ठेवला आन मला ही असली बनवून दिली, बाप-लेक दोघं सामील हायत. मी तोंड उघडणार तवर अब्बा बाहेर आले. सत्तरीचा माणूस, हाताला खळ लागलेली. त्यांना तिकिटाचं काय कळत नव्हतं, दारात आरडाओरडा नको एवढंच त्यांना कळत व्हतं. त्यांनी हात जोडले. म्हणले, शेट, चूक झाली आसंल, पोरीला माफ करा.

काय सांगू तुमाला. दाराशी आलेल्या माणसाचा राग आधी शांत करायचा, ही त्यांची रीत. पण गल्लीनं काय ऐकलं, चूक झाली. संपलं. रहीमचाचानं कबूल केलं. पुढच्या महिन्यात शाळेची रजिस्टरं दुसऱ्याकडं गेली, मंग पोथ्या गेल्या, आन मंग अब्बा नमाजला मागच्या बोळानं जायला लागले, पुढच्या गल्लीनं न्हाई. दोन वर्षं तसेच गेले आन मंग मातीतच गेले. त्या दिवशी मी दगड हातात घेऊन म्हणलं, मनोहरशेट, तुला ह्याच गल्लीत हात जोडायला लावीन. दुवा मागायची सोडून मी हे मागितलं, रोज.

मधी लई वर्षं गेली. नसीम नारायणगावला कॉम्प्युटरच्या क्लासला जायला लागली, तिनंच सांगितलं, अम्मी, तिकिटं आता इंटरनेटवर विकतात. मी रद्दीवाल्याकडनं जुनी पाकिटं आणायची, तिकिटं सोडवायची, नसीम कॅफेत त्यांचे फोटो चढवायची. पण मी लिहायला लावायची खरं खरं, कोपरा दुमडलेला हाय, कातरा एक तुटलाय, शिक्का पुसट हाय. लोकांचा इश्वास बसला. केरळातनं, कलकत्त्यातनं मनिऑर्डरी यायच्या. तरी धंदा उतरतीचा, ते दिसत व्हतं. पत्रं कोण लिहितंय, पोराटोरांना मोबाईल पायजे, तिकिटाच्या वह्या कोण भरतंय. दर साली गिऱ्हाईक कमी, भाव कमी, राहिले ते चष्मेवाले म्हातारे, आन ते फक्त इश्वासावर घ्यायचे.

एक दिवस नसीम म्हणली, अम्मी, हे बघ. पडद्यावर तिकिटं, त्यांच्या पाठीचेबी फोटो, नाव मनोहरशेटचं, खाली लिहिलेलं, पाठीवर मूळ डिंक. मी माझा हात वळखला. ह्यो चोर माझाच डिंक अजून विकत व्हता.

तिकीट जमवणारांची तिथं एक चर्चेची जागा व्हती, समदे तिथं वाचायचे. मी म्हणलं, नसीम, लिही. मंचरच्या ह्या शेटकडनं घेतलेलं तिकीट उलटं करा, पाठीवर तोंडानं गरम वाफ सोडा आन वास घ्या. लवंगेचा आला तर ते मी बनवलंय, जुन्नरला, शेटच्या सांगण्यावरून. खाली माझं नाव, पत्ता, समदं घाल. नसीमनं बटणांवरून बोटं उचलली. म्हणली, अम्मी, आपलाबी धंदा बसंल, तूच बनवलं असं तू लिहितीयेस. मी म्हणलं, बसू दे. लिही.

भाऊ, कलकत्त्यात, केरळात, पुण्यात, कुठं कुठं म्हातारे तिकिटं तोंडाशी धरून हा हा करीत बसले आसतील, ते आठवलं की अजून माझ्या जिवाला थंडावा मिळतो. शेटचा माल गठ्ठ्यानं परत आला. आन नसीम म्हणली तसंच झालं, माझाबी आला. ज्यांना डिंकच नव्हता ती वापरलेली तिकिटंसुदीक लोकांनी हुंगून परत धाडली. मी हसतच पाकिटं उघडली.

वरीसभरानं शेट आला. पार वाळलेला, दुकानात वह्या जाऊन मोबाईलची रिचार्ज कूपनं आलेली. काखेत फाईल. म्हणला, माझ्या वडलांनी पोस्टातून घेऊन ठेवलेले अख्खे ताव हायत, पंधरा पैशांच्या तिकिटांचे, एवढाच अस्सल माल राहिलाय, पोरीचं लगीन काढलंय. पण घेणारा म्हणतो, जुन्नरच्या हमीदाबाईनं खरं म्हणून लिहून दिलं तरच घेतो. मी म्हणलं, इथं उभा राहा. हितं न्हाई, तिथं, अब्बा उभे व्हते तिथं. आन बोल. त्यानं हात जोडले, मोठ्यानं बोलला, चूक माझी व्हती, रहीमचाचांची न्हाई, हमीदाबाईची न्हाई.

ऐकायला कोण व्हतं. जुने शेजारी कुणी मेले, कुणी पुण्याला गेले. एक टेंपोवाला टमाट्याचे क्रेट उतरवीत व्हता, त्यानं मान वर केली आन परत क्रेट उचलला. एवढी वर्षं मी जे मागितलं ते झालं, आन मला वाटलं, हे एवढंच व्हय.

मी ताव आत नेले. वाफ सोडली, वास घेतला. लवंग नव्हती. कडेचा डिंक जिभेलाबी लावून बघितला. अस्सल, कुणाचा हात न लागलेला. मी बाहेर आले आन म्हणलं, शेट, लवंग हाय.

त्यानं माझ्याकडं बघितलं. त्याला समजलं, आन मला समजलं की त्याला समजलंय. म्हणला, हमीदाबाई, ही माझ्या बापानं घेतलेली हायत. मी म्हणलं, मलाबी बाप व्हता. हात जोडलेलेच राहिले त्याचे. मी पोटभर बघितले. मंग त्यो फाईल घेऊन गेला.

दोन-अडीच महिन्यांनी पोस्टमननं एक पाकीट टाकलं. मंचरचं, त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका. पाकिटावर पुढं-मागं दाटीनं ती पंधरा पैशांची तिकिटं, माझं नाव कोपऱ्यात कसंबसं बसवलेलं. इकली गेली न्हाईत तर पत्रिकांना लावून टाकली त्यानं, छापल्या किमतीला. पोस्टमन म्हणला, बाई, शिक्के मारून हात दुखला. नसीमनं पाकीट उलटसुलट बघितलं, म्हणली, अम्मी, ही तर खरी वाटतात. मी म्हणलं, चहा ठेव.

लग्नाला मी गेले न्हाई. पाकीट अब्बाच्या दगडाखाली हाय, दाखवते तुमाला. आता तिकिटं कुणी घेत न्हाई, मी लग्नाच्या अल्बमला पुठ्ठे बसवते, चालतंय आमचं. त्या पोरीनं माझं काय वाकडं केलं नव्हतं, ती सुखात राहो, तिच्यासाठी मी दुवा करते. शेटसाठी करीत न्हाई. करून बघितली, तोंडातून निघत न्हाई.

तुमी हे लिहून लोकांना वाचायला देणार, तर दोन गोष्टी चुकवू नका. माझा बाप रहीम कागदी चोर नव्हता, हे मोठ्या अक्षरात लिहा. आन शेटचे ते ताव खरे व्हते. ते बारीक अक्षरात लिहिलं तरी चालंल, पण लिहा.