पोतीचा नवस

नाव: सौ. छाया अश्विन निरगुडे, वय ३२ वर्षे, धंदा घरकाम व शिवणकाम, रा. इंदिरानगर, नाशिक.

ठाण्यात बोलावल्यावरून मी स्वतः हजर राहून सांगते की, वरील पत्त्यावर मी, पती अश्विन, मुलगी अंजली व सासू सगुणाबाई असे राहत होतो. पती अंबडला कारखान्यात फिटर आहेत. मयत सगुणाबाई सावळीराम निरगुडे, वय ५९, यांना मी आत्याबाई म्हणत असे.

संक्रांतीच्या सुमारास माझी माहेरची सोन्याची पोत घरातून दिसेनाशी झाली. मी आत्याबाईंचे नाव कधी घेतले नाही. पण त्यांची पेटी दोनदा उघडून पाहिली, आणि ती त्यांच्या डोळ्यांदेखत पाहिली. शेजारच्या बायकांजवळ जे बोलायचे ते बोलले, ते फिरून त्यांच्या कानावर आले. त्या भांडल्या असत्या तर मला सोपे गेले असते. त्या भांडल्या नाहीत. माझ्यासमोर देव्हाऱ्यापुढे बसून नवस बोलल्या की, पोत मिळू दे, चैत्रात सप्तशृंगीच्या गडावर अनवाणी येईन आणि वणीपासून पहिल्या पायरीपर्यंत पाण्याला शिवणार नाही. मी त्यांना नको म्हटले नाही. खरे सांगायचे तर मला बरे वाटले.

दि. २२/४/२००५ रोजी आमचे पायी मंडळ वणीहून निघाले. चहापाण्यात वेळ गेल्याने ऊन चढल्यावर निघालो. डांबर तापले होते. आत्याबाई कडेच्या वाळलेल्या गवतातून चालत होत्या. वाटेत दोन ठिकाणी पाणपोई लागली. त्या तिकडे पाहत नव्हत्या.

दुपारी बारानंतर, नांदुरी गावाच्या अलीकडे, आत्याबाई डोलू लागल्या. बोलणे तुटक झाले, मान एका बाजूला जाऊ लागली. पूर्वी त्यांच्या अंगात कधी आलेले नाही. मंडळाचे पुढारी वाल्मीक यांनी झेंडा रोवला आणि देवीचे वारे आले असे सांगून सर्वांना खाली बसवले. सोबतच्या चंद्रभागाबाईंनी आत्याबाईंच्या कपाळी मळवट भरला, ओटीत नारळ घातला. मी पायांना हात लावला तर तापल्या तव्यासारखा चटका बसला. अंगावर घामाचा थेंब नव्हता. मी तसे बोलले. चंद्रभागाबाई म्हणाल्या, "आईचं तेज हाय ते. हात जोड." मी हात जोडले. त्या वेळी कोणाकडेच पाणी शिल्लक नव्हते, मंडळाचा टँकर पुढे गेला होता.

मग एकेक जण प्रश्न विचारू लागले. कोणी मुलाच्या लग्नाचे विचारले, कोणी विहिरीचे. आत्याबाई कोणालाच धड उत्तर देत नव्हत्या, तरी माणसे समाधानाने उठत होती. माझी पाळी आल्यावर मी विचारले, "आई, माझी पोत कोणी नेली?"

त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि हळू म्हणाल्या, "छाया, मला घरी ने गं."

देवी मला घरी ने म्हणणार नाही, एवढे मला कळते. मी बारावी पास आहे. या आत्याबाईच बोलत आहेत, आणि त्यांना काहीतरी होत आहे, हे मी त्याच क्षणी ओळखले. भोवती सर्व हात जोडून बसलेले होते. मी त्यांना तोच प्रश्न पुन्हा विचारला.

त्यानंतर त्या आडव्या झाल्या व तोंडातून फेस आला. तेव्हा वाल्मीक यांनी जीप थांबवून आम्हाला सरकारी दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी उष्माघात सांगितला. या पाणी कधी प्यायल्या होत्या, असे त्यांनी मला विचारले. उपचार चालू असताना आत्याबाई मयत झाल्या. पती अंबडहून कारखान्याच्या कपड्यांतच आले. त्यांनी मला काही विचारले नाही. अजूनही विचारत नाहीत. मळवट मीच पुसला, तो सहजासहजी निघत नव्हता.

मंडळाविरुद्ध माझी तक्रार नाही. आत्याबाईंच्या मरणाबाबत माझा कोणावर संशय नाही. पोत अद्याप मिळालेली नाही. तिच्याबाबतही आता माझा कोणावर संशय नाही.

येथवरचा मजकूर हवालदारसाहेबांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. तो मी सांगितला तसाच आहे, पण त्यातले एक वाक्य मी खोटे सांगितले, ते बदलून घ्यावे. कोणाकडेच पाणी शिल्लक नव्हते, हे खरे नाही. माझ्या पिशवीत बाटली होती, पाणपोईवर भरून घेतलेली. आत्याबाईंनी उत्तर दिले की पाजू, असे मी मनाशी ठरवले होते. आता जबाब बरोबर आहे.

सही/-
सौ. छाया अश्विन निरगुडे