जनरलचं खोगीर

व्हिएन्नात जनरल रोटेनवाल्डची अंत्ययात्रा येणार होती. गर्दीत माझ्यापुढे दोन म्हातारे शिपाई उभे होते, ग्रेगोर आणि लाकडी पायाचा वेंझेल.

"वेंझेल, लेका, ह्याच्यासाठी एवढी तंगडतोड केलीस?"

"तूही आलासच की, ग्रेगोर."

"मी गंमत बघायला आलोय. जन्मभर माघार घेतली आणि तरी जनरल झाला!"

"माघार तरी धड घेता यायला हवी. तुझा कर्नल सगळी पलटण गमावून एकटाच परतला."

"त्याचं नाव काढू नकोस."

"सायलेशियाच्या लढाईतून परतताना आमचा हा जनरल चिखलातून चालत होता, आमच्याबरोबर. बुटांची पार वाट लागलेली, पण शिव्या काय झणझणीत द्यायचा! अजून कानात आहेत."

"चालत? घोडा प्रशियनांनी पळवला वाटतं?"

"घोडा होता की."

"मग? बरं, ती बघ, शवपेटी आली. मागे रिवाजाप्रमाणे त्याचा रिकामा घोडा. अरे, टोपी काढ! रडतोस काय?"

"त्याच्या घोड्याचं खोगीर मी कधी रिकामं पाहिलंच नव्हतं रे. सतत कुणीतरी जखमी वर असायचा. पाय गेला त्या दिवशी मी होतो."